कमरेपासून हललेलं शेपूट

"चावत नाही हो तो, शेपूट हलवतोय बघा ना."

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी ते म्हटलं, की माझा उजवा हात आपोआप पाठीमागे जातो. त्या हातावर टाक्यांच्या पाच खुणा आहेत. चार शेपूट असलेल्या-नसलेल्या कुत्र्यांच्या, पाचवी एका मांजरीची. मांजरीचा इथे संबंध नाही.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. कागदावर 'व्रणोपचारक' असा भारदस्त शब्द आहे, पण तो पगारपत्रकाबाहेर कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. सगळे मला मामा म्हणायचे, साहेबांपासून गुराख्यापर्यंत. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मिळून माझी नोकरी संपली. माणसांच्या दवाखान्यातला ड्रेसर जखम धुतो आणि पट्टी बांधतो. आमच्याकडे पट्टी बांधण्याआधी पेशंटलाच बांधावं लागतं. डॉक्टर सुई टोचतात, आणि कुत्रं वळून चावतं ते धरणाऱ्याला, कारण तोंडाशी तोच असतो. डॉक्टर येत-जात राहिले, धरणारा मी एकच. त्यामुळे कुत्रं वाचायला शिकायची गरज मला होती, त्यांना नव्हती.

डॉक्टर लोक डोळे बघतात, कान बघतात, हिरड्या दाबून बघतात. मी शेपूट बघायचो. सांगतो, लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे, हा फार महागात पडणारा गैरसमज आहे. हलतंय म्हणजे त्याच्या मनात काहीतरी चाललंय, एवढंच. काय चाललंय ते शेपूट किती उंचीवर आहे आणि कुठून हलतंय, त्यावर. वर ताठ उभं आहे आणि टोक तेवढं भराभर थरथरतंय, तर गुपचूप दोन पावलं मागे व्हा, तो तुम्हाला शेवटचं सांगतोय. पाठीच्या रेषेत सरळ आणि स्थिर असेल, तर तो विचारतोय, कोण आहे. खाली सैल सोडलेलं आणि रुंद रुंद हलणारं शेपूट म्हणजे 'मी गरीब आहे, मला काही करू नका.' आणि पोटाखाली गेलेलं म्हणजे भ्यायलाय. भ्यालेला कुत्रा रागावलेल्यापेक्षा लवकर चावतो, माझ्या हाताला विचारा.

आपल्या गावठी कुत्र्याचं शेपूट मुळात पाठीवर वळलेलं. त्याचं टोक बघून काही कळत नाही. तिथे बुंधा बघायचा, म्हणजे शेपूट पाठीला जोडलेलं असतं ती जागा. टोक खोटं बोलतं, बुंधा बोलत नाही. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं' ही म्हण ज्याने केली त्याने नुसतं टोकच पाहिलं असणार.

आणखी एक प्रकार राहिला. त्याला मी कमरेचं शेपूट म्हणतो. ते बुंध्याच्याही मागून सुरू होतं. आधी कंबर हलते, मागचे पाय घसरतात, शेपूट गोल गोल फिरतं, आणि कुत्र्याला सरळ चालताच येत नाही, तो वाकडा वाकडा येतो. हे शेपूट कुत्रा सगळ्यांना देत नाही. जन्मात एखाद-दोन माणसांना देतो. मी ते कितीदा पाहिलं असेल, पण नेहमी बाजूला उभा राहून. कुणाची म्हातारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबलेली असायची, मी कुत्र्याच्या तोंडाला बांधलेला बँडेजचा फास सोडायचो, आणि तो तिच्याकडे तसा जायचा. मला बघून शेपट्या आत जायच्या. माझ्या अंगाला अळ्यांच्या जखमांवर घालायच्या टर्पेंटाईनचा वास मुरलेला. माझी सायकल पाड्यावर शिरली की कुत्री आधी भुंकायची आणि मग घरामागे पळायची. घरी हे सांगितलं की बायको म्हणायची, "तुमच्याकडे बघून हलणारं शेपूट अजून जन्माला यायचंय." ती चेष्टेने म्हणायची. मला ते लागायचं, पण मी कधी तिला कळू दिलं नाही.

किनाऱ्याकडच्या एका चिकूच्या वाडीत सुलतान नावाचा अल्सेशियन होता. मालकीणबाई निम्मं गुजराती, निम्मं मराठी बोलायच्या. लसीसाठी गेलो तर म्हणतात, "मामा, घाबरता शू? मारो सुलतान तो गाय छे, गाय." गाय शेपूट हलवत उभी होती. वर, ताठ, टोकाला थरथर. मी म्हटलं, "बाई, गाईचं शेपूट असं नसतं." डॉक्टर नवीन होते, बाईंसमोर मागे कसं राहायचं म्हणून पुढे झाले. सुलतानची लस राहिली बाजूला, डॉक्टरांनाच पाच इंजेक्शनं घ्यावी लागली. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत बाई मागून सांगत होत्या, "पण पूंछडी तर हलवत होता ने."

तलासरीकडे पाड्यांवर माझी वेगळीच पंचाईत व्हायची. तिथे काही घरांत एक जुनी समजूत आहे, आता कमी झाली तरी पुरती गेलेली नाही. पिल्लाचं शेपूट तोडलं की कुत्रा तिखट होतो, राखणीला चांगला. आणि तोडलेला तुकडा उंबऱ्याखाली पुरला की तो घर सोडून जात नाही. कुणाच्या मनात पाप नसतं. पोटच्या पोराच्या बरोबरीने कुत्र्याला भात घालणारी ही माणसं. पण कोयत्याच्या त्या घावावर माश्या बसतात, अळ्या पडतात, आणि मग ते पिल्लू टोपलीत घालून माझ्याकडे येतं. मी ओरडायचो. ते ऐकून घ्यायचे, हसायचे, आणि पुढच्या वेळी दुसरं पिल्लू आणायचे.

शिवाय भुंडा कुत्रा मला वाचता येत नसे. काशिनाथ नावाच्या एका शेतमजुराचा असाच बिनशेपटीचा कुत्रा गरीब समजून मी धरला आणि अंगठ्याला सात टाके पडले. पाड्यावर सगळ्यांना अरे-तुरे, तहसीलदारालासुद्धा. काशिनाथ मला म्हणाला, "मामा, तू शेपटी बघून धरतोस ना? मंग याला कशाला हात लावलास? याला शेपटीच नाय." इतकी वर्षं सरकारने मला प्रशिक्षणाला पाठवलं, पण एवढी अक्कल कुणी दिली नव्हती.

असंच अर्धवट तुटलेलं एक शेपूट घेऊन कदम मॅडम माझ्याकडे आल्या, आणि खरं तर मला त्यांच्याच कुत्र्याचं सांगायचंय.

मॅडम तलासरीच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. मूळच्या नांदेडकडच्या. आमच्याकडच्या शाळांत तिकडचे बरेच शिक्षक. नोकरी इथे, घरदार पार तिकडे, आणि दरवर्षी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. मॅडमचे मिस्टर तिकडे, आणि मुलगीही तिकडेच, आजीजवळ वाढत होती. एकदा पिल्लाची पट्टी बदलत असताना त्या सहज सांगावं तसं म्हणाल्या, "मामा, माझी पोरगी आजीला 'तू' म्हणती. मला फोनवर 'तुम्ही' म्हणती." मी पट्टी बांधत राहिलो.

ते पिल्लू चिकूच्या रंगाचं म्हणून त्याचं नाव चिकू. शाळेशेजारच्या घरात त्याचं शेपूट तोडायला घेतलं होतं. मॅडम वर्ग सोडून ओरडत धावल्या तेव्हा कोयता अर्ध्यात थांबला. घरच्यांनी पिल्लू त्यांनाच देऊन टाकलं. मॅडमनी तीन दिवस हळद लावली, आणि मग वास यायला लागल्यावर स्कूटीच्या पुढ्यात पिशवीत घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, "राहिलेलं कापून टाकू, दहा मिनिटांचं काम." ते चूक नव्हते. पण त्या बुंध्यात अजून जीव होता, मला दिसत होतं. मी म्हटलं, "साहेब, मला थोडे दिवस द्या."

अठरा दिवस लागले. रोज पोटॅशच्या पाण्याने धुवायचं, चिमट्याने अळ्या काढायच्या, मलम लावायचं, आणि आइस्क्रीमच्या दोन काड्यांत शेपूट धरून बांधायचं. त्या पिल्लाने मला जे शिव्याशाप दिले ते त्याच्या भाषेत असल्यामुळे लिहिता येत नाहीत. एकोणिसाव्या दिवशी काड्या सोडल्या. मध्ये एक गाठ राहिली होती, तिथून शेपूट जरा डावीकडे वळायचं, पण आख्खं होतं. मी त्याला खाली ठेवलं. मॅडम दारात होत्या. चिकू त्यांच्याकडे निघाला आणि दोनदा आडवा पडला.

"मामा, याच्या पायाला काय झालं? पडतोय की हा," मॅडम घाबरून म्हणाल्या.

"पडत नाहीये. शेपूट हलवतोय. कमरेपासून."

त्या दिवशी मी त्यांना सगळं शिकवलं, टोक, बुंधा, कंबर. हुशार बाई. पुढे येता-जाता दवाखान्याबाहेर स्कूटी उभी करून मला सांगायच्या, आज अमक्याचा कुत्रा असा होता, तमक्याचा तसा, आणि बरोबर सांगायच्या. चिकू मात्र स्कूटीवरून उतरायचा नाही. मला बघून त्याचं शेपूट पोटाखाली. ते वाचवलं मी, पण त्याच्या लेखी मी अठरा दिवस दुखवणारा माणूस. त्याचंही बरोबरच होतं.

मी निवृत्त झालो त्याच उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. इतक्या वर्षांचा अर्ज, आणि हुकूम आल्यावर दुसऱ्याच दिवशी कार्यमुक्त व्हायचं. सासूबाई घरात कुत्रा चालू देणार नव्हत्या. मॅडम संध्याकाळी डहाणूजवळ सरावलीला माझ्या घरी आल्या, चिकू, त्याची जर्मनची थाळी आणि एक जुनं पोतं घेऊन. "मामा, मुलगी आहे म्हणून जातेय. नाहीतर याला सोडून गेले नसते. दुसरं कुणी नाही मला इथं."

माझी बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. मुलगी लग्न होऊन वसईला. घरात सकाळी रेडिओ लावला की रात्री बंद करायचा, एवढाच आवाज. खोटं कशाला बोलू, मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला आनंद झाला होता. मी म्हटलं, "ठेवून जा, काही काळजी करू नका."

निघताना त्या चिकूशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशीच बोलत राहिल्या. दोन वेळा भात, दूध नको, जुलाब होतात, फटाक्यांना घाबरतो, आणि असं बोलता बोलताच स्कूटी सुरू करून गेल्या. चिकू फाटकाशी उभा राहिला. स्कूटीचा आवाज ऐकू येत होता तोवर शेपूट पाठीच्या रेषेत, सरळ. आवाज गेला. मग ते हळूहळू खाली आलं. घाई न करता आलं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी फोन. "मामा, खातोय का? शेपूट कसंय?"

मीच शिकवलेली विद्यार्थिनी. खातो का एवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतं. चिकू समोरच होता. खात होता, पण शेपूट ओल्या दोरीसारखं लोंबत होतं. मी म्हटलं, "हलवतो हो. रुळतोय."

पलीकडे त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "बरं झालं मामा. आज झोप लागेल."

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. पुढच्या फोनला शेपूट जरा वर आलं. मग मी भाकर टाकली की हलायला लागलं. महिन्याभरात मी सांगून टाकलं, "मी बाजारातून आलो की दारात कमरेपासून हलवतो, आडवा पडतो नुसता." त्या हसल्या. तिकडे त्यांचंही सुखात नव्हतं. मुलगी अजून 'तुम्ही'च म्हणत होती, जेवायला आजीकडे जाऊन बसत होती. चिकूचं ऐकलं की मॅडमचा आवाज सुधारायचा. मी स्वतःला सांगायचो, त्यांच्यासाठी बोलतोय.

त्यांनी व्हिडिओ मागितला. मग मी, ज्याने आयुष्यभर लोकांना टोकाला फसू नका म्हणून सांगितलं, त्याने काय करावं? चिंचणीचा सुका बोंबील त्याच्या नाकासमोर धरला, आणि शेपटीच्या टोकाचाच व्हिडिओ काढला. टोक हलत होतं. बुंधा मी चित्रात येऊ दिला नाही.

खरं काय होतं ते सांगतो. चिकू माझ्याकडे पाहुण्यासारखा राहिला. नीट जेवायचा, अनोळखी माणसावर भुंकायचा, पावसात दाराच्या आत यायचा, पण पायपुसण्याच्या पुढे नाही. थाळी ठेवली की शेपूट खाली, रुंद, तीन-चार वेळा. आभारी आहे, असं. मी काय नाही केलं? अंडी घातली. साबण बदलला. दवाखान्यातले जुने खाकी कपडे टर्पेंटाईनच्या वासासकट देऊन टाकले. गुडघे दुखतात तरी संध्याकाळी खाली फरशीवर बसायचो, म्हणजे तो जवळ येईल. तो यायचा, हातभर अंतरावर बसायचा. रस्त्याने एखादी स्कूटी गेली की त्याचं शेपूट एकदम सरळ व्हायचं. स्कूटी पुढे जायची, शेपूट खाली. दिवसातून किती स्कूट्या जातात डहाणू रोड स्टेशनकडे. प्रत्येक वेळी मी बघायचो, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, अरे, एकदा माझ्याकडे बघून हलव. एकदाच. या वयात माणसाने कुत्र्याकडे काय मागावं, पण मागत होतो. दारात शिरताना मुद्दाम खोकायचो, पिशवी वाजवायचो. तो मान वर करून बघायचा आणि परत ठेवायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मॅडम आल्या. शाळेत त्यांचं कपाट राहिलं होतं, काही कागदांवर सह्या राहिल्या होत्या. मिस्टरांनी गाडी चालवत आणलं होतं. मला येतो म्हणून कळवलं नव्हतं. मी ओटीवर तांदूळ निवडत बसलो होतो. गाडी रस्त्यावर थांबली, दार वाजलं, चपलांचा आवाज आला. चिकू मागे मोरीजवळ झोपला होता. तो कोपऱ्यावरून आला आणि थबकला. शेपूट सरळ. नाक वर. मग बुंधा हलला. मग कंबर.

मी एवढी वर्षं शेपटं पाहिली, पण त्या दिवशीसारखं नाही पाहिलं. तो धावलाच नाही, त्याला धावता येईना. पाय चारी दिशांना, पाण्याची बादली लवंडली, त्यात घसरला, उठला, पुन्हा आडवा. ते गाठ असलेलं शेपूट गोल फिरत होतं. मॅडम ओल्या अंगणात साडीसकट खाली बसल्या. "ओळखलं की हो यानं, मामा, ओळखलं," एवढंच म्हणत होत्या.

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला आत गेलो. खिडकीतून गाडी दिसत होती. मिस्टर बाहेर उभे राहून फोनवर बोलत होते. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि सीटवर गोधडी अंथरलेली होती. नवी नव्हती, मऊ झालेली, धुतलेली. ती कुणासाठी हे मला कळलं.

चहा घेऊन आलो तर चिकू मॅडमच्या पावलावर हनुवटी ठेवून पडला होता. पायपुसणं ओलांडून आत.

"मामा, खरं सांगू का, न्यायलाच आले होते," त्या म्हणाल्या. "आता आम्ही वेगळं राहतो, भाड्यानं. पोरगी पण म्हणती आणा. पण रस्ताभर विचार केला. तुम्ही फोनवर सांगायचात ना, तुम्ही बाजारातून आलात की असाच आडवा पडतो म्हणून. आत्ता केलं तस्संच ना? मग त्याला पुन्हा कशाला तोडायचं? मी तोडून पाहिलंय एकीला, अजून जोडतेय. तो तुमचा झालाय. राहू दे इथंच."

मला काहीच करावं लागणार नव्हतं. हे नीट समजून घ्या. नवं खोटं बोलायचं नव्हतं, हट्ट करायचा नव्हता, नुसतं गप्प बसायचं होतं. चहा प्यायचा, हो म्हणायचं, आणि कुत्रा माझा. मॅडमनाही वाईट वाटलं नसतं, त्या त्याच्या भल्याचं समजूनच गेल्या असत्या. आणि मला तो हवा होता. त्याचं ते आभारी शेपूटसुद्धा हवं होतं. ते गेलं तर दारात मान वर करून बघणारंही कुणी उरणार नव्हतं. मी चहाचे दोन घोट घेतले. खाली बघितलं. झोपेतही त्याच्या शेपटीचा बुंधा बारीक बारीक हलत होता. हे मी त्याच्या झोपेत एकदाही पाहिलं नव्हतं, आणि मी त्याला झोपलेला रोज बघायचो.

"मॅडम," मी म्हटलं, "असं शेपूट त्याने या घरात आज पहिल्यांदा हलवलं."

त्यांना आधी कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे बघून कधीच नाही. एकदाही नाही. तो व्हिडिओ बोंबील दाखवून काढलेला. घेऊन जा त्याला."

"मग तुम्ही दर वेळी सांगायचात ते? दारात आडवा पडतो ते?"

"मला तसं व्हावंसं वाटायचं," मी म्हटलं, "ते सांगायचो."

मॅडमनी माझ्या हातातला कप काढून घेतला, आत जाऊन दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले. बाहेर येऊन माझ्या पाया पडल्या. मला ते आवडत नाही, पण त्या वेळी मी त्यांना थांबवलं नाही. चिकू गाडीकडे त्यांच्या पुढे धावला आणि गोधडीवर चढला. मी थाळी आणि पोतं आणून दिलं. काचेतून त्याने माझ्याकडे बघितलं की रस्त्याकडे, ते मला सांगता येणार नाही. शेपूट सीटच्या पलीकडे होतं, ते दिसलं नाही.

आता दर रविवारी सकाळी दहाला मॅडमचा फोन येतो. मुलगी घरात रुळलीय, चिकूला तीच फिरवते. मध्ये एकदा मागून तिचा आवाज आला, "मम्मी, तू फोन ठेव ना आता." मॅडम बोलता बोलता थांबल्या, आणि मीही थांबलो.

मग त्या फोन स्पीकरवर टाकतात. "बोला मामा, चिकू ऐकतोय." मी म्हणतो, "काय रे चिकू, जेवलास का?" पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.

"मामा, तुमचा आवाज ऐकून शेपूट हलवतोय बघा," मॅडम म्हणतात.

"कुठून?" मी विचारतो.

"कमरेपासून."

त्या व्हिडिओ पाठवत नाहीत, मीही मागत नाही. असं का सांगतात ते माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी रविवारी साडेनऊपासूनच मी फोन चार्जिंगवरून काढतो आणि ओटीवर जवळ घेऊन बसतो.